इब्राहीमभाईंचा चौथा पिस्टन

उस्मानपुऱ्यात मी घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं घराचे सगळे गुण सांगितले. नळाला पाणी आहे, गच्चीवर वारा आहे, बाजार हाताशी आहे. बोळाच्या तोंडाशी इब्राहीमभाईंचं बोअरिंगचं वर्कशॉप आहे, एवढं मात्र तो सोयीस्करपणे विसरला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचे, परभणीच्या माणसाला मुंबईच्या माणसाशी बोलायला लावायचं आणि लाइन तुटली की दोघांच्याही शिव्या आपण खायच्या. घरी आल्यावर कानांना जरा विसावा मिळावा, तर समोर यांचं मशीन सुरू. लोखंड लोखंडाला खरवडतंय असा एकसुरी आवाज, आणि एकदा लागला की थांबायचं नाव नाही.

पहिल्याच रविवारी मी भांडायला गेले. मला भांडायला आवडतं, हे मी लपवत नाही. सुकेशनीबाई तोंडानं फटकळ आहेत असं सगळी गल्ली म्हणते, आणि गल्ली खोटं बोलत नाही. इब्राहीमभाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असतील. किरकोळ अंगाचा माणूस, कोपरापर्यंत काळे हात, आणि सदरा मात्र पांढरा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मधीच मशीन थांबवली तं होलात वळ पडतो. मग इंजिन मरंपर्यंत त्यो वळ जात नाय. एवढं पुरं होऊ द्या."

ते पुरं होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले, कारण माघार घेऊन घरी जाणं मला जमत नाही. काम झाल्यावर त्यांनी फळीवरून एक जुना पिस्टन काढला, रॉकेलनं धुतला, राखेनं घासून चकचकीत केला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "हे घरी ठेवा. भांडण कुणासंगं हाय ते तरी समोर राहील."

मी तो फेकून द्यायच्या विचारानं घरी आणला आणि टेबलावर ठेवला. उलटा ठेवला की त्यात पेनं छान उभी राहतात.

ज्यांनी कधी गाडीचं बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही हे इब्राहीमभाईंनीच समजावलं. इंजिनच्या ब्लॉकमध्ये गोल विहिरी असतात, ते सिलिंडर. त्यात पिस्टन वर-खाली पळतो. पळून पळून विहीरही झिजते आणि पिस्टनही. मग मधल्या फटीतून तेल वर चढतं, जळतं, गाडी निळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते. तेव्हा ती विहीर पुन्हा गोल कोरून जराशी रुंद करायची आणि तिच्या मापाचा थोराड पिस्टन बसवायचा, हे बोअरिंग. कोरून कोरून भिंत पातळ झाली की आत लोखंडाची नवी नळी ठोकायची, तिला लायनर म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इब्राहीमभाईंच्या हिशेबात मरण फक्त माणसाला होतं, इंजिनाला नव्हतं.

त्यांची एक रीत होती. भंगारवाला बोळात आला की बाकी सगळं लोखंड ते त्याच्या गाड्यावर टाकत, पण उतरवलेले पिस्टन देत नसत. "यानं जन्मभर माणसं वाहिली, याला भट्टीत कसं घालू?" असं म्हणत. मग एक पिस्टन धुऊन-पुसून गाडीच्या मालकाला द्यायचा आणि उरलेले गल्लीत वाटायचे. त्यामुळे एके काळी आमच्या भागात पिस्टन नसलेलं घर सापडणं अवघड होतं. कुणी दाराला टेकण लावलंय, कुणी त्यात कंगवे ठेवलेत, कुणी लसूण ठेचतंय. इब्राहीमभाईंच्या बायकोनं, जैतुनबींनी तर उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वाळत घातल्या की कापडाच्या चारही कोपऱ्यांवर चार पिस्टन मांडलेले असत. पाहुणे विचारायचे, हे काय? जैतुनबी म्हणायच्या, "हमारे घर में तो येच फल लगते."

तो जमाना टुरिस्ट टॅक्स्यांचा होता. औरंगाबादच्या स्टेशनबाहेर पांढऱ्या ॲम्बेसेडर रांगेनं उभ्या असत आणि गोऱ्या पाहुण्यांना घेऊन दौलताबाद, वेरूळ, अजिंठा करत. दौलताबादचा घाट रोज चढला की कुठलंही इंजिन झिजणारच. ती सगळी इंजिनं शेवटी आमच्या बोळात येत. त्यातली एक गाडी कडुबाची.

कडुबा दौलताबादचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याच्या आधी त्या घराण्यात कुणी चाकाला हात लावला नव्हता. इब्राहीमभाईंनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा पहिलं इंजिन त्याचंच आलं, आणि तेव्हापासून त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच. गिऱ्हाईक नसलं की कडुबा वर्कशॉपच्या पायरीवर येऊन बसायचा. दोघं चहा प्यायचे आणि तासभर एकमेकांशी एक शब्दही बोलायचे नाहीत. दिवसभर लोकांची बडबड जोडून देणाऱ्या मला त्या दोघांचा भारी हेवा वाटायचा.

आता ते काही उरलं नाही. नव्या गाड्यांची इंजिनं कुणी कोरत बसत नाही. इब्राहीमभाईंचा मुलगा जावेद बीड बायपासला गॅरेज चालवतो. तिथं गाडीला कॉम्प्युटर लावतात आणि तो सांगतो काय दुखतंय ते. माझं एक्स्चेंजही गेलं, मी निवृत्त झाले. सत्तरी ओलांडलेले इब्राहीमभाई सकाळी वर्कशॉप उघडतात, मशीनवरची चादर झटकून पुन्हा घालतात. बोळात इतकी शांतता असते की दुपारी मला डोळा लागत नाही. ज्या आवाजाशी मी उभा जन्म भांडले त्याची मला आठवण येते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि कडुबा लॉकडाऊनमध्ये गेला. दौलताबादेत, तापानं. रस्ते बंद, गाव बंद. इब्राहीमभाईंना फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवशी ते नुसते पायरीवर बसून राहिले.

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको बानाबाई काळी-पिवळीत बसून उस्मानपुऱ्यात आली. मी वर्कशॉपमध्येच होते. हल्ली पायरीवर मी बसते. कुणीतरी बसायला पाहिजे. बानाबाई जैतुनबींच्या हातचं पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊ, गाडी भंगारात चाललीय. पोळा झाला की न्यायला येणार हायती. बिभीषणला तिच्या जागी खोली काढायचीय. पोराचंबी चूक नाय. मेलेली गाडी किती दिस झाकून ठिवायची?"

बिभीषण तिचा मुलगा. इब्राहीमभाई म्हणाले, "मग मी काय करू, वहिनी?"

"मला एकदा तिच्यात बसायचंय. म्या कवाच बसले नाय."

मग तिनं सांगितलं. गाडीच्या सीटवर पांढरे टॉवेल असायचे. दर आठवड्याला ते घरी यायचे, ती धुवायची, नीळ घालायची, वाळवून घडी करायची. गाडी अंगणात उभी राहायची, पण बसायला कधी सवड झाली नाही. सीझनमध्ये गिऱ्हाईक, सीझन नसला की पेट्रोल कशाला जाळायचं. "मालक म्हणायचे, पुढल्या साली. लई पुढली सालं झाली," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार मला होती, पण ज्याच्याकडे करायची तो गेला होता.

संध्याकाळी आलेल्या जावेदनं व्यवहाराचं सांगितलं. गाडी टोचन लावून ओढू, मौशी मागे बसतील, दौलताबादला एक चक्कर मारू. इब्राहीमभाईंनी मान हलवली. "बसवायचं तं चालत्या गाडीत बसवायचं. मेलेल्या गाडीत बसवून गावात फिरवायचं, ही काय मिरवणूक हाय?"

गाडी ओढून बोळात आणली. इंजिन उतरवलं, हेड काढलं, आणि इब्राहीमभाईंचा चेहरा पडला. चारही पिस्टन कामातून गेलेले, एकाला तर उभा तडा. सिलिंडर आधीच शेवटच्या मापापर्यंत कोरलेले. लायनर मिळाले, पिस्टनवर चढवायच्या रिंगा मिळाल्या, पण पिस्टन मिळेना. जावेदनं पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत फोन केले. त्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे पिस्टन आता कुणी ठेवत नाही. आणि पोळा तोंडावर आलेला.

दोन दिवस इब्राहीमभाईंनी वर्कशॉपमधल्या फळ्या धुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले, टेबलापाशी गेले आणि त्यांनी माझी पेनं बाजूला काढून ठेवली. पिस्टन उचलून खिडकीच्या उजेडात फिरवला. "मॅडम, हा ॲम्बेसेडरचा हाय. लई झिजलेला नाय."

"झिजलेला तर आहे ना? मग बसेल कसा?"

"विहिरीच्या मापाचा पिस्टन मिळंना, तं पिस्टनच्या मापाची विहीर करू. लायनर कोराच असतोय. ज्याचं जेवढं माप, त्याला तेवढी जागा. चौघांची चार मापं असली तरी चालंल, वजन तेवढं सारखं करून घेतो."

म्हणजे आता गावभर वाटलेले पिस्टन परत गोळा करायचे. हे काम माझं. जावेदच्या मोबाइलमध्ये ही माणसं नव्हती. माझ्या डोक्यात होती. कुठल्या टॅक्सीवाल्याच्या घरी फोन होता, नसला तर शेजारच्या कुणाकडे निरोप द्यायचा, हे मला अजून पाठ आहे. अर्धे नंबर बंद निघाले. काही ठिकाणी नातवंडांनी फोन उचलला आणि पिस्टन म्हणजे काय असं विचारलं. मी समजावून सांगितलं आणि वर घरातल्या कपाटांमागे शोधायला लावलं. कितीतरी वर्षांनी मी लोकांना लोकांशी जोडत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

जैतुनबींच्या गच्चीवरच्या चारांतला एक चालण्यासारखा निघाला. बाकीचे फियाटचे. पदमपुऱ्यात सांडू टॅक्सीवाल्याची बायको सारजाबाई, तिच्याकडे एक होता. तिनं त्यात लसूण ठेचून ठेचून त्याला कायमचा वास आणला होता, पण माप ठीक होतं. छावणीत अभयच्या फोटो स्टुडिओत एक अगदी देखणा सापडला. आम्ही रिक्षानं गेलो, इब्राहीमभाईंनी तो उलटा केला आणि डोळे मिटले. अभयनं उदबत्त्या खोचण्यासाठी त्याच्या माथ्यावर ड्रिलनं पाच भोकं पाडली होती. "काका, चालत नाही का हा?" त्यानं विचारलं. इब्राहीमभाई म्हणाले, "चालतो की. उदबत्तीला चालतो."

तर तीन झाले. चौथा मिळेना. इब्राहीमभाईंना आठवत होतं की कडुबाच्या पहिल्या इंजिनातला एक पिस्टन त्यांनी कडुबालाच दिला होता. मी बिभीषणला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्या घरात तसलं कायबी नाय, मावशी. म्या जन्मापासून घर बघतोय." तिथंच विषय संपला.

पोळ्याला आठवडा राहिला तेव्हा इब्राहीमभाई म्हणाले, दौलताबादला जाऊन वहिनींना सांगून येऊ, जमत नाही म्हणून. फोनवर सांगा, असं जावेद म्हणाला. फोनवर सांगायची गोष्ट कुठली आणि तोंडावर सांगायची कुठली, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मीही निघाले.

बानाबाईच्या घरात दारासमोरच देव्हारा. खंडोबाचा टाक, बिरोबाचा टाक, आणि त्यांच्या शेजारी शेंदरानं लडबडलेला एक गोल देव. वर्षानुवर्षं शेंदराचे थरावर थर चढून चांगला गरगरीत झालेला, कपाळी रुप्याचे डोळे, पुढ्यात ताजं झेंडूचं फूल. मी म्हटलं, "हा कोण?"

बिभीषण म्हणाला, "गाडोबा. आमच्या गाडीचा देव. आण्णा रोज याच्या पाया पडून स्टेशनला जायचे. दसऱ्याला याला निवद असतोय."

चहा घेताना इब्राहीमभाईंची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. मग मीही नीट पाहिलं. खालची कड तेवढी शेंदरातून उघडी राहिली होती, आणि बाजूला, जिथं शेंदूर जरा आत खचला होता, तिथं आडवी पिन बसते त्या भोकाचा गोल दिसत होता. आठवडाभर मी पिस्टनशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं, म्हणून मला ओळखता आलं. बिभीषणनं खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या जन्माआधी घरात पिस्टन आला होता. त्याला कळायला लागलं तेव्हा तो देव झाला होता.

"जमत नाय, वहिनी," एवढं सांगून इब्राहीमभाई उठले. बानाबाई म्हणाली, "बरं."

रिक्षात मी त्यांच्यावर घसरले. तोंड होतं ना? विचारायला काय हरकत होती? इब्राहीमभाई बाहेर बघत म्हणाले, "मॅडम, मी कुणाच्या देवाला हात लावणार नाय. माझं माप चुकलं तं इंजिन बिघडंल. हे चुकलं तं घर बिघडंल. आन्‌ मागणारा कोण? इब्राहीम. आजकालचे दिवस तुमाला म्हाईत नायत का?"

मला माहीत होते. मी भांडकुदळ आहे, पण त्यावर भांडता येईना. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी बानाबाई वर्कशॉपच्या दारात उभी. कमरेला खोचलेलं फडकं तिनं सोडलं. आत पिस्टन होता. स्वच्छ, राखाडी, कुठं कुठं फटींत शेंदराची तांबूस रेघ राहिलेली. गोडं तेल कोमट करून, लिंबाच्या काडीनं तिनं तो स्वतः सोलून काढला होता.

"धरा," ती म्हणाली.

इब्राहीमभाईंनी हात मागं घेतले. "वहिनी, ह्यो तुमचा देव हाय."

"व्हय की. म्हणून तं मालकाच्या गाडीत घालाया आणलाय. तुमी परवा त्याच्याकडं बघत हुता. पाया पडणाऱ्याची नजर येगळी असती आन्‌ माप घेणाऱ्याची येगळी. मला काय कळत नाय?"

"बिभीषण काय म्हणंल?"

"त्याला म्या सांगितलं. कौल लावला, फूल उजवीकडनं पडलं. आता पोरगं काय बोलणार?" मग तिनं पिस्टन सरळ मशीनच्या पाट्यावर ठेवला. "घाला कामाला. इतकी वर्सं नुसता बसून खातोय."

इब्राहीमभाईंनी हातपाय धुतले, मगच त्याला मायक्रोमीटर लावलं. बसणार होता. त्या पहिल्या इंजिनातला असल्यानं मापानं सगळ्यांत बारका होता. त्याच्यासाठी लायनर सगळ्यांत कमी कोरायचा होता. मशीनवरची चादर निघाली आणि बोळात तो आवाज पुन्हा सुरू झाला. जैतुनबी गच्चीतून खाली आल्या. शेजारची नवी बिऱ्हाडं दारात येऊन काय चाललंय विचारू लागली. एकानं तर त्रास होतो म्हणून तक्रार केली. मी त्याला सांगितलं, मधीच थांबवलं तर होलात वळ पडतो.

ज्याचं जेवढं माप, त्याला तेवढी जागा. माझा पिस्टन पहिल्या सिलिंडरमध्ये, जैतुनबींचा दुसऱ्यात, कडुबाचा तिसऱ्यात, आणि सारजाबाईंचा, लसणाच्या वासासकट, चौथ्यात. चारही तराजूत घालून, जड होते त्यांचं आतला थोडा धातू घासून, इब्राहीमभाईंनी वजनं जुळवली. हात थरथरतात म्हणून रिंगा चढवायला जावेदला घेतलं, पण प्रत्येक रिंगेच्या तोंडाची फट स्वतः पाहिली. पहिल्यांदा स्टार्टर मारला तेव्हा गाडी खोकली, दुसऱ्यांदा धूर सोडला, आणि मग चालू झाली. धूर निवळला. इब्राहीमभाई पायरीवर येऊन बसले आणि बराच वेळ ते चालणं ऐकत राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी घेऊन दौलताबादला गेलो. बानाबाई इरकली लुगडं नेसून तयार होती. सीटवर तिनंच धुतलेले टॉवेल. गाडीत बसण्याआधी तिनं चपला काढून हातात घेतल्या. मी रागावले, तेव्हा कुठं पायात घातल्या. इब्राहीमभाई चाकावर, मी त्यांच्या शेजारी, मागं ती एकटी, सीटच्या अगदी कडेला टेकलेली. "नीट बसा की," मी म्हटलं. "टॉवेल चुरगळंल," ती म्हणाली.

कुठं जायचं, असं इब्राहीमभाईंनी विचारलं. मला वाटलं घृष्णेश्वर म्हणेल. ती म्हणाली, "ते पाव्हण्यांना लेण्यात सोडून दिसभर जिथं बसायचे, तिथं."

घाट लागला. नव्यानं बांधलेलं इंजिन घाटात लगेच ताणायचं नसतं. सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये इब्राहीमभाई ते चढवत होते. मागून मोठ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यांनी एकालाही जुमानलं नाही. माथ्यावर आल्यावर मी मागं वळून पाहिलं. बानाबाई आता मागं टेकून बसली होती आणि खिडकीतून तिचा पदर उडत होता.

वेरुळात इब्राहीमभाईंनी गाडी पार्किंगच्या टोकाला नेली. तिथं वडाखाली एक बसकट धोंडा होता, ड्रायव्हर लोकांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला. "इथं," ते म्हणाले. बानाबाई उतरली, धोंड्यावरून हात फिरवला, बसली. समोर लेणी होती, पण तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वर झाडाकडे पाहिलं, बाजूला पाण्याच्या नळाकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सावली बरी हाय. मला सदा वाटायचं, उन्हात बसत असतील." मग ती रडली. आम्ही तिला रडू दिलं.

पोळा झाला आणि भंगारवाला दौलताबादच्या अंगणात आला. ठरल्याप्रमाणे गाडी न्यायला त्यानं मागं टेम्पो आणला होता. बानाबाई दारात बसून म्हणाली, "न्या की. पर आधी माझा देव काढून द्या." बिभीषणला घाम फुटला. तो दुपारीच आमच्या बोळात हजर.

"चाचा, तेवढा तिसऱ्या सिलिंडरमधला देव काढून द्या."

इब्राहीमभाई म्हणाले, "मी कुणाच्या देवाला हात लावत नाय."

"मग घातला कसा?"

"घातला तवा त्यो पिस्टन व्हता. तुझ्या मायनं धुऊन माझ्या मशीनवर ठिवला. आता ती म्हणती देव हाय. मग मी कसा काढू?"

बिभीषण जावेदकडे गेला. जावेदनं बापाकडे बोट दाखवलं. दौलताबादचे दोन मिस्तरी देव इंजिनात आहे म्हटल्यावर दुरूनच हात जोडून निघून गेले. शेवटी बिभीषणनं खोलीचा नकाशा बदलला. खोली अंगणाच्या दुसऱ्या अंगाला उभी राहतेय, आणि गाडी पत्र्याखाली आहे तिथंच आहे. आता तोच तिला दर आठवड्याला बाहेर काढतो, आई मागं बसते.

मी बानाबाईला फोन लावून विचारलं, "हे तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?" ती म्हणाली, "म्या अडाणी बाई. मला काय कळतंय गाडीतलं?" जन्मभर मी तारेवरचे आवाज ऐकलेत. हसू दाबून बोलणारा माणूस मला चटकन ओळखू येतो.

इब्राहीमभाईंनाही मी सोडलं नाही. पायरीवर चहा घेताना विचारलं, "खरं सांगा, तो पिस्टन काढणं एवढं अवघड आहे?"

"अवघड? अर्ध्या दिवसाचं काम हाय," ते म्हणाले. मग त्यांनी बशी खाली ठेवली. "कडुबा गेला तवा मला जाता आलं नाय, मॅडम. खांदा देता आला नाय. त्याची गाडी तरी माझ्या हातानं मरणार नाय."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि बशी पुन्हा उचलली. आम्ही दोघं चहा पीत राहिलो, आणि मी एक शब्दही बोलले नाही.